नाव नसलेले वीर : ग्रीसची माती आणि सातारा-सांगलीचे दगड

आपल्या विहाराचा पाया खणताना जो दगड निघाला, त्याची हकीकत वस्तीतल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण नव्या पिढीतल्या मुलांनी तो फक्त अंगणातल्या लिंबाखाली उभा पाहिला आहे. कुणी म्हणते, "हा कसला देव?" कुणी म्हणते, "शोभेचा दगड आहे." म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत इतिहासावर लेख लिहा असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा आम्ही दुसरा विषय शोधला नाही. दारातला दगड सोडून दूरचा इतिहास कशाला सांगायचा? मात्र लेख वाचताना आपल्याला थोडे दूर, थेट ग्रीस देशापर्यंत जाऊन यावे लागेल, त्याची तयारी ठेवावी ही विनंती.

दगड निघाला त्या दिवशी

पूर्वेकडचा चर खणताना पहारीला काहीतरी टणक लागले. चार जणांनी मिळून बाहेर काढले, तर कंबरेइतका उंच, चौकोनी, काळा दगड. पाण्याने धुतला तेव्हा चित्रे दिसू लागली. अगदी खाली एक माणूस आडवा पडलेला आणि त्याच्या शेजारी दोन गाई. त्याच्या वरच्या चौकटीत तोच माणूस हातात ढाल-तलवार घेऊन दोघांशी लढतो आहे. त्याच्या वर दोन बाया त्याला दंडाला धरून वर घेऊन चालल्या आहेत. सर्वात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

गर्दी जमली. आमच्या वस्तीतल्या सगळ्यात वयस्क आजी काठी टेकत आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, "आरं, त्यो आपला वीर हाय! माझी सासू सणासुदीला त्येला पानी घालायची. मधी कवा गाडला गेला कुनाला ठावं."

तिथेच दोन तट पडले. तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. ज्या दगडावर पिंड कोरली आहे तो विहाराच्या आवारात कशाला? नदीला नेऊन टाका. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, तो कुणीतरी आपलाच मेलेला माणूस आहे, त्याला फेकायचा कसा? आवाज चढले. शेवटी एका निवृत्त गुरुजींनी तोडगा काढला. ते म्हणाले, "आधी हा दगड काय आहे ते समजून घेऊ. समजल्यावर टाकायचा तर टाकू. न समजता टाकू नका आणि न समजता पुजूही नका." तलाठी व सरपंच यांना रीतसर कळवून दगड लिंबाखाली ठेवला, आणि आमचे वाचन सुरू झाले.

ग्रीकांची नवसाची माती

वाचता वाचता आम्हाला एक गोष्ट कळली. लढणाऱ्या माणसाची आणि अंगमेहनतीने नाव कमावणाऱ्या खेळाडूची प्रतिमा करून ठेवणे ही चाल एकट्या आपल्या मुलखाची नाही. प्राचीन ग्रीक लोकांत ती फार मोठ्या प्रमाणावर होती.

ग्रीसमध्ये ऑलिंपिया म्हणून ठिकाण आहे. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ७७६ मध्ये तिथे पहिले ऑलिंपिक सामने झाले. जर्मन संशोधकांनी १८७५ पासून तिथे उत्खनन केले, तेव्हा जुन्या वेदीच्या राखेच्या थरांतून हजारो लहान लहान मूर्ती निघाल्या. काही ब्राँझच्या, तर काही नुसत्या भाजक्या मातीच्या. घोडे, बैल, रथ, रथ हाकणारे, शिरस्त्राण घातलेले योद्धे. कुणी शर्यतीसाठी, कुणी लढाईसाठी, कुणी गुरांसाठी मागणे मागितले असेल, किंवा मागणे पुरे झाल्यावर फेडले असेल. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने ब्राँझ दिले. ज्याच्याजवळ नव्हता त्याने कुंभाराकडची मूर्ती आणली.

माती स्वस्त असते हे कुणाला सांगायला नको. ओल्या मातीला हाताने आकार दिला, पुढच्या काळात साच्यात दाबला, वाळवला, भट्टीत भाजला की झाले. एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघत. वरून रंग देत असत, तो बहुतेक मूर्तींवरून आज उडून गेला आहे. म्हणून संग्रहालयात त्या आपल्या कौलासारख्या, विटेसारख्या तांबूस दिसतात.

सायप्रस बेटावर अयिया इरिनी नावाच्या ठिकाणी १९२९ साली स्वीडनच्या संशोधकांना वेदीभोवती अर्धवर्तुळात उभ्या केलेल्या सुमारे २००० मातीच्या मूर्ती सापडल्या. काही वीतभर, काही पुरुषभर. त्यांत शिरस्त्राण घातलेले योद्धे आहेत, रथ आहेत, बैल आहेत. त्या इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकांतल्या समजल्या जातात. चीनमध्ये १९७४ साली मातीची जी प्रचंड फौज सापडली तिच्याशी वाचकांनी गल्लत करू नये. ती एका सम्राटाच्या हुकुमावरून त्याच्या कबरीसाठी केलेली होती. सायप्रसची ही "फौज" कुणाच्या हुकुमाची नाही. एकेका माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे एकेक मूर्ती आणून ठेवली आणि पिढ्यान्‌पिढ्या साठत साठत ती फौज झाली.

आणखी एक गोष्ट. देवळात मूर्तींची दाटी झाली की पुजारी जुन्या मूर्ती बाहेर फेकत नसत. देवाला दिलेली वस्तू माघारी न्यायची नाही असा नियम होता. म्हणून आवारातच खड्डा खणून त्या पुरत. पुरल्या म्हणूनच त्या राहिल्या. आमचा दगड पायाच्या चरात कसा टिकला असेल, याचा विचार आम्ही तेव्हा पहिल्यांदा केला.

पण या मातीच्या मूर्तींत एक उणीव आहे. बहुतेकींवर नाव नाही. कुणी दिली, कशासाठी दिली, तो लढाईतून जिवंत परत आला का, काही कळत नाही. ज्या देवाला दिली त्याला सगळे ठाऊक आहे, मग लिहायचे कशाला, असे देणाऱ्याला वाटले असावे. देव गेला, देऊळ पडले, आणि माणूस निनावी झाला.

यवन आपल्या मुलखात

आता कुणी म्हणेल, ग्रीसचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो बौद्ध लेण्यांतूनच आहे.

आपल्या जुन्या शिलालेखांत "यवन" हा शब्द येतो. ग्रीकांना आणि त्यांच्याबरोबर पश्चिमेकडून आलेल्या लोकांना यवन म्हणत. पुणे जिल्ह्यातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जे भव्य खांब आहेत, त्यांतले अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत. एकाचे नाव सिंहध्वज. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाने लेणे खोदविले. नावे आपल्यासारखी झाली होती, धम्म आपलासा केला होता, आणि दान दिल्यावर स्वतःचे नाव व गाव दगडात कोरून ठेवले होते.

सांगलीला लागून असलेल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच टेकडीतून पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली आहे. ती रोमन व्यापाराच्या काळात इकडे आली, आणि आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहायला मिळते. समुद्र कुठे, पंचगंगा कुठे! पण व्यापाराच्या वाटेने माणसे आली तशी त्यांची दैवतेही आली. सातवाहन काळात आपल्याकडेही तेर, पैठण, नेवासे अशा गावांत साच्यातून काढलेल्या भाजक्या मातीच्या सुबक मूर्ती होत होत्या. म्हणजे मातीला आकार द्यायची कला इथेही होतीच. ती अजून गेलेली नाही. आपल्या सातारा-सांगली भागात बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल येतात, ती याच धाग्याची आजची टोके समजायला हरकत नाही.

कराडच्या लोखंडवाल्याचे नाव

आपल्या जिल्ह्यात यायचे तर कराडला यावे लागेल. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत. विहारातर्फे आम्ही मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, कार्ल्यासारखे खांब नाहीत. साध्या खोल्या, दगडी ओटे, स्तूप. एका लेण्याच्या दर्शनी भागात एका बाजूला चक्र आणि दुसऱ्या बाजूला सिंह कोरलेले आहेत. मुलांना वाटले होते काहीतरी मोठे पाहायला मिळणार. ती थोडी हिरमुसली.

तेव्हा आम्ही त्यांना सांगितले ते इथेही सांगतो. कराडचे जुने नाव करहाटक किंवा करहाकट. मध्य प्रदेशात भरहुत इथे इसवी सनापूर्वीचा प्रसिद्ध स्तूप होता. त्याच्या कठड्याच्या दगडांवर देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत करहाकट नगराने दिलेल्या दानाची नोंद आहे. कृष्णा-कोयनेच्या काठावरून शेकडो मैलांवर आपल्या गावाने दान पाठवले! तसेच रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक लेणे कराडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेले आहे. त्याचे नाव महिक. आणि आगाशिवच्या एका लेण्यात गोपालाचा मुलगा संघमित्र याने लेणे दिल्याचा लेख आहे.

राजाचे नाव राहते यात नवल नाही. पण लेण्यांत लोखंडवाला राहिला. नाशिकला मुगुदास नावाचा कोळी राहिला, त्याने आपल्या घरच्यांसह लेणे दिले. कार्ल्याला दरवाजा करणारा सामी नावाचा सुतार राहिला. का राहिले? कारण ही दाने कुणा एका देवाच्या कानात सांगितलेली नव्हती. ती संघासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, उद्या जन्माला येणाऱ्या अनोळखी माणसासमोर सांगितलेली होती. त्या अनोळखी माणसाला नाव सांगावे लागते. ते सांगितले म्हणून आज दोन हजार वर्षांनी आम्ही महिकाचे नाव या स्मरणिकेत छापू शकतो.

वीरगळ वाचायचा कसा

आता आपल्या दगडाकडे येऊ. अशा दगडाला वीरगळ म्हणतात. गावासाठी लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी तो उभा करीत. आपल्याकडे जे मिळतात त्यांतले पुष्कळसे शिलाहार-यादवांच्या काळापासूनचे, म्हणजे साधारण अकराव्या शतकापासूनचे आहेत. ही चाल पुढेही बराच काळ चालू राहिली.

वाई तालुक्यात चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी किकली नावाचे गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात इतके वीरगळ आहेत की वीरगळांचे गाव म्हणूनच त्याची ओळख झाली आहे. तिथे गेल्यावर आमचा दगड आम्हाला खऱ्या अर्थाने वाचता आला. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत मरण. शेजारी गाई असतील तर गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला. त्या काळी गुरे हेच धन, आणि गुरे पळवणे ही लढाईची सुरुवात. त्याच्या वर लढाईचा प्रसंग. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सगळ्यात वर तो शिवापुढे बसलेला असतो. चंद्र-सूर्य म्हणजे जोपर्यंत ते आहेत तोपर्यंत याची कीर्ती राहो. जवळच एखाद्या दगडावर कोपरात वाकवलेला बांगड्यांचा हात दिसला, तर तो सतीचा दगड. नवऱ्याचे मरण चार चौकटींत दाखवले, बाईचा मात्र फक्त हात. हेही मुलींनी नीट पाहून ठेवावे.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर इथे जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. कर्नाटकात अशा दगडांवर पुष्कळदा लेख असतो. अमक्या राजाच्या काळात, अमक्या गावचा अमका, गाई सोडवताना पडला, असे नावानिशी लिहिलेले असते. आपल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर मात्र एक अक्षरही नाही. श्री. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी १९८२ साली स्मारकशिळांवर मोठा ग्रंथ संपादित केला. तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष या दगडांकडे जास्त गेले. पण गावोगावी ते आजही धुण्याचे दगड आहेत, पायरीला बसवलेले आहेत, नाहीतर शेंदूर फासून म्हसोबा झाले आहेत.

ज्या दिवशी दगड उभा केला त्या दिवशी गावातल्या पोराटोरालाही त्याचे नाव ठाऊक असणार. मग कोरायचे कशाला? ग्रीकांच्या मातीच्या योद्ध्याचे जे झाले तेच इथे झाले. आठवणारी माणसे गेली, त्यांच्याबरोबर नाव गेले.

तो आपला होता का?

हा प्रश्न वस्तीत आम्हाला शंभर वेळा विचारला गेला. उत्तर देताना प्रामाणिक राहिले पाहिजे. दगडावर जात कोरलेली नाही. गावाची वेस राखणे, शिवेची खूण सांगणे, चोराचा माग काढणे ही कामे महारांकडे होती, हे जुन्या कागदपत्रांतून सिद्ध आहे. गुरे पळवायला कुणी आले तर पहिली गाठ वेशीवर राखण करणाऱ्याशी पडणार, हेही उघड आहे. म्हणून तो आपला असावा असे म्हणता येते. पण "असावा" आणि "होता" यांत अंतर आहे, आणि ते अंतर आम्ही खोटे बोलून भरणार नाही. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी खोटा लिहिला, त्यांनी स्वतःचा तरी खरा लिहावा.

नाव राहिले की काय होते ते पाहायचे असेल तर मिरज तालुक्यातल्या कळंबीला पाहावे. तिथला सिदनाक १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत आपले पथक घेऊन लढला. छावणीत त्याच्या तंबूच्या जागेवरून शिवाशिवीची तक्रार झाली आणि रणात जात पाहायची नसते असे सुनावले गेले, ही गोष्ट आमच्या घराघरांत सांगितली जाते. नाव आहे म्हणून गोष्ट आहे.

आणि भीमा कोरेगावचा स्तंभ! १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्याच्यावर कोरली आहेत. त्यांत "नाक" शेवटी असलेली बावीस नावे आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. तो स्तंभ इंग्रजांनी आपल्या फौजेच्या अभिमानासाठी उभारला हे खरे. पण त्यांनी शिपायांची नावे लिहिली. लिहिली नसती, तर आज लाखो लोक कुणाची नावे बोटाने वाचत उभे राहिले असते? त्या बावीस नावांत आपल्या वीरगळाच्या नशिबी न आलेली गोष्ट आहे.

पैलवानांची गोष्ट

ग्रीकांच्या नवसाच्या मूर्तींत योद्धे आहेत तसे खेळाडूही आहेत. ऑलिंपियातच एक मोठा दगड मिळाला आहे, वजन सुमारे १४३ किलो. बायबॉन नावाच्या माणसाने हा दगड एका हाताने डोक्यावरून उचलला, असे त्याच्यावर कोरलेले आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातली ही फुशारकी आहे. खरी-खोटी असो, पण आपल्याकडे जुन्या तालमींपुढे ताकद अजमावण्याचे दगड असत, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा बायबॉन अगदी शेजारच्या गावचा वाटेल. फरक एवढाच, आपल्या दगडांवर कुणी नाव घातले नाही.

सातारा-सांगली ही कुस्तीची माती. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे दोघेही सांगली जिल्ह्याचे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य पदक मिळवले. आंदळकरांचे सुवर्ण ज्या प्रकारातले, त्याचे नावच ग्रीको-रोमन. इकडच्या तांबड्या मातीतला गडी ग्रीकांचे नाव असलेल्या कुस्तीत जिंकून आला.

पण त्यांच्याही आधीचे नाव खाशाबा जाधवांचे. गाव गोळेश्वर, कराडच्या शेजारी. म्हणजे आगाशिवच्या लेण्यांच्या अगदी जवळ. जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव लागले २०१० मध्ये.

विचार करा. ऑलिंपियाच्या राखेत सापडलेल्या मूर्ती घडवायला कुणीतरी कुंभाराला चार पैसे दिले होते. खाशाबांसाठी गोळेश्वरच्या शेतकऱ्याने वर्गणी दिली. दोन्हीकडे देणारा साधा माणूस आहे. खाशाबांचे नाव उशिरा का होईना लागले; पण वर्गणी देणाऱ्यांची यादी आज कुणाला सापडेल? महिकाने लेणे दिले ते कोरून ठेवले. आपण शंभर वर्षांच्या आतलेही विसरतो.

दगडाचे काय केले

एवढे सगळे वाचून झाल्यावर वस्तीची बैठक झाली. १९५६ नंतर आमच्या वाडवडिलांनी घरातले टाक कृष्णेत सोडले. त्यांत घोड्यावर बसलेल्या वीराचेही टाक होते. ते त्यांनी केले ते बरोबरच केले. ज्यांनी शतकानुशतके आम्हाला देवळाच्या पायरीवरही चढू दिले नाही, त्यांच्या देवांचे ओझे डोक्यावरून उतरवणे भागच होते. पण त्याबरोबर एखाद्या खऱ्या माणसाची आठवणही वाहून गेली असेल, हे कबूल करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. नालंदेला येणारे साधे यात्रेकरूसुद्धा गाथा उमटवलेल्या मातीच्या छोट्या मुद्रा ठेवून जात. धम्माने आठवण ठेवायला कधी मनाई केली नाही. मनाई आहे ती दगडाला देव मानून त्याच्यापुढे नवस बोलायला.

म्हणून असे ठरले. दगड लिंबाखालीच उभा राहील. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही, हळदकुंकू नाही, पाणीही घालायचे नाही. आजींना हे पटवायला दोन दिवस लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "पानी नगं तर नगं. पर त्येच्यावर धुनं धुवू नगा, येवढं माझं ऐका." हा ठरावही एकमताने मंजूर झाला. आजी आता नाहीत. त्यांच्या सासूकडून आलेली तेवढी एकच आठवण आमच्या हाती लागली. ती ऐकायला आम्ही वीस वर्षे आधी बसलो असतो, तर कदाचित नावही मिळाले असते. ही रुखरुख आम्हाला आहे.

तेव्हा वाचकांना, विशेषतः शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आमची कळकळीची विनंती आहे. आपापल्या गावात असा दगड असेल तर तो हलवू नका. जुन्या वस्तूंना कायद्याचे संरक्षण असते, ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. त्याचा फोटो काढा. वहीत चौकटी उतरवा, खालून वर. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि फक्त ऐका. त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहा, आपल्या पदरचे घालू नका. ती वही विहारात आणून द्या. पुढच्या स्मरणिकेत आम्ही ती छापू.

लिंबाखालच्या दगडाशेजारी आम्ही एक साधी पाटी लावली आहे. तिच्यावर चार ओळी आहेत. हा वीरगळ आहे. गुरे सोडवताना मेलेल्या माणसाचा आहे. विहाराच्या पायात सापडला. चौथ्या ओळीत "नाव" असे लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे.

जयभीम.